सरासरीत न मावणारा पाऊस

२२ जुलै २०२३ रोजी यवतमाळ जिल्ह्यात महागाव तालुक्यातल्या आनंदनगर तांड्याला पुराने वेढले आणि अडकलेल्या माणसांना काढण्यासाठी वायुसेनेची हेलिकॉप्टर बोलवावी लागली. यवतमाळ शहरातही त्या पावसाने घराघरांत पाणी शिरले होते. पुढच्या महिन्यात पावसाने अशी दडी मारली, की देशपातळीवर तो १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. अशा वर्षाच्या शेवटी मिलिमीटरांची बेरीज केली, की महापूर आणि कोरडा महिना एकमेकांना झाकून टाकतात. कागदावर उरतो एकच आकडा, आणि त्यात ना वाहून गेलेले वावर दिसते, ना सुकलेले सोयाबीन.

यवतमाळ जिल्ह्याची वार्षिक सरासरी ९०० ते १००० मिलिमीटरच्या दरम्यान आहे. पश्चिमेला दारव्ह्याच्या बाजूला ती कमी, पूर्वेला वणीकडे गेलो की जास्त. पुणे शहराला याहून बराच कमी पाऊस मिळतो, हे अनेकांना खरे वाटत नाही. तरीही दुष्काळाची, दुबार पेरणीची, नापिकीची बातमी येते ती यवतमाळहून. जमीन काळी, पिके कोरडवाहू, कपाशी-तूर-सोयाबीनचा सारा डाव चार महिन्यांवर लागलेला. अशा ठिकाणी पाऊस एकूण किती झाला याला फार अर्थ नाही. तो कोणत्या आठवड्यात आला, किती तासांत कोसळला आणि कोणत्या महसूल मंडळात पडला, यावर वर्ष ठरते. हवामानशास्त्राकडे यवतमाळच्या बाजूने पाहायचे तर याच तीन प्रश्नांपासून सुरुवात करावी लागते.

जिल्हा दोन समुद्रांच्या मधोमध बसला आहे. पश्चिमेला अरबी समुद्र आणि आग्नेयेला बंगालचा उपसागर, दोन्ही सरळ रेषेत साडेपाचशे-सहाशे किलोमीटरवर. अरबी समुद्रावरून येणारा वारा सह्याद्रीवर आपले बरेचसे पाणी उतरवतो आणि मराठवाडा ओलांडून येईपर्यंत हलका झालेला असतो. त्यामुळे यवतमाळला चांगला पाऊस हवा असेल, तर उपसागरात काहीतरी घडावे लागते. पुसद-दिग्रसच्या माणसाने पश्चिमेकडून येणारे ढग पाहिले, तरी ते ढग बरसावेत म्हणून ओढणारी शक्ती बहुतेक वेळा पूर्वेला असते.

आधी ढग कसा होतो ते पाहू, कारण मे महिन्याचे आभाळ आणि जुलैचे आभाळ यांतला फरक तिथेच उलगडतो. हवा वर चढली की तिच्यावरचा दाब कमी होतो, ती फुगते आणि दर किलोमीटरला सुमारे १० अंशांनी थंड होते. थंड होता होता ती दवबिंदूला पोचली, की तिच्यातली वाफ धुळीच्या, मिठाच्या, धुराच्या सूक्ष्म कणांवर जमून थेंबुकले तयार होतात. तोच ढगाचा तळ. हा तळ किती उंचीवर असेल, याचा एक सोपा अंदाज आहे: जमिनीजवळचे तापमान आणि दवबिंदू यांतल्या प्रत्येक अंशाच्या फरकाला सुमारे १२५ मीटर.

मे महिन्यातल्या एखाद्या दुपारी यवतमाळला तापमान ४३ अंश आणि दवबिंदू १५ असेल, तर फरक २८ अंशांचा. म्हणजे ढगाचा तळ जमिनीपासून साडेतीन किलोमीटर वर. तिथून सुटलेले पावसाचे थेंब खालच्या कोरड्या, तापलेल्या हवेत निम्म्या वाटेवरच विरून जातात. आभाळ भरून येते, वावधन सुटते, टिनपत्रे उडतात, धुळीने डोळे भरतात आणि पाऊस पडतो तो मात्र जमीन भिजण्याइतकाही नाही. जुलैत तापमान ३० आणि दवबिंदू २४ असताना हाच हिशेब साडेसातशे मीटरवर येतो. समुद्रसपाटीपासून सुमारे ४४५ मीटर उंचीवरच्या यवतमाळभोवती मग ढग टेकड्यांना टेकल्यासारखे दिसतात आणि त्यांतून पडलेला जवळजवळ प्रत्येक थेंब जमिनीपर्यंत पोचतो. मेच्या उकाड्यात शेतकरी ‘आभाळ पोकळ आहे’ असे म्हणत असेल, तर त्या म्हणण्याला हा भौतिकशास्त्राचा आधार आहे.

ढगांना आज जगभर वापरली जाणारी नावे १८०२ मध्ये लंडनच्या ल्यूक हॉवर्ड या औषधे बनवणाऱ्या माणसाने सुचवली. त्याचे मूळ वर्गीकरण साधे होते: केसांसारखे पसरलेले, थर धरलेले आणि ढीग रचलेले. मराठीत आपण शेवटच्या दोघांना स्तरमेघ आणि राशिमेघ म्हणतो. राशिमेघ वाढत वाढत १५ किलोमीटर किंवा त्याहूनही उंच गेला, की तो विजांचा, गारांचा गर्जन्मेघ होतो. यवतमाळच्या वर्षात हे सगळे ढग ठरलेल्या क्रमाने येतात. एप्रिल-मेमध्ये दुपारी वाढणारे आणि संध्याकाळी फुटणारे राशिमेघ. जूनच्या सुरुवातीला विजांसह येणारे गर्जन्मेघ. जुलैत दिवसेंदिवस सूर्य दिसू न देणारा थर, ज्यातून झडी लागते. ऑक्टोबरमध्ये मान्सून परतताना पुन्हा दुपारचे गर्जन्मेघ, नेमके सोयाबीनची गंजी उघड्यावर असताना.

जुलैच्या उघडिपीत एकदा वर नीट पाहावे. खालचे ढग पश्चिमेकडून पूर्वेला धावत असतात आणि त्यांच्यावर, खूप उंचीवर, पातळ पांढरे ढग उलट दिशेला, पूर्वेकडून पश्चिमेला सरकत असतात. तळाशी मान्सूनचा पश्चिमी वारा आणि १४-१५ किलोमीटरवर पूर्वेचा वेगवान झोत. हा दुमजली वारा भारतीय मान्सूनची खूण आहे, आणि तो पाहायला कोणतेही यंत्र लागत नाही. शाळेच्या सहलीत मुलांना हे दाखवले जावे, असे मला फार वाटते.

ढग आहे म्हणजे पाऊस आहे असे नसते, आणि हीच कोरडवाहू शेतकऱ्याची सर्वांत मोठी वेदना आहे. ढगातले थेंबुकले एका मिलिमीटरच्या पन्नासाव्या-शंभराव्या भागाइतके असते. इतके हलके, की वर चढणारा वारा त्याला सहज तरंगत ठेवतो. पावसाचा एक साधा थेंब व्हायला अशी सुमारे दहा लाख थेंबुकली एकत्र यावी लागतात. हे दोन वाटांनी होते. थोडी मोठी थेंबुकली पडता पडता लहानांना गिळत जातात, ही पहिली वाट. दुसरी बर्फाची: गोठणपातळीच्या वर हिमकण आणि शून्याखाली जाऊनही न गोठलेले पाणी शेजारी असले, की वाफ पाण्याकडून हिमकणाकडे जाते, हिमकण झपाट्याने वाढतो आणि खाली येताना वितळून पाऊस होतो. पावसाळ्यात यवतमाळवर ही गोठणपातळी सुमारे ५ किलोमीटरवर असते. म्हणजे जुलैतल्या मोठ्या सरीचा बराच भाग वर बर्फ होऊन खाली पाणी म्हणून उतरलेला असतो.

इथेच कृत्रिम पावसाचा प्रश्न येतो. दर दुष्काळात ती मागणी होते, राज्याने असे प्रयोग अनेकदा केलेही आहेत. ढगात मिठाचे किंवा सिल्व्हर आयोडाइडचे कण सोडून थेंब मोठे करायचे, अशी ही पद्धत. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने सोलापूर परिसरात काळजीपूर्वक प्रयोग केले. वाऱ्याच्या दिशेने सुमारे १०० चौरस किलोमीटरच्या पट्ट्यात पाऊस सरासरी १८ टक्क्यांच्या आसपास वाढल्याचे त्यांनी २०२३ मध्ये मांडले. हा निष्कर्ष मोलाचा आहे, पण त्यातली अट लक्षात ठेवली पाहिजे: योग्य ढग आधी आभाळात असावा लागतो. ऑगस्टच्या कोरड्या खंडात, जेव्हा मागणी सर्वांत तीव्र असते, तेव्हा नेमका तोच नसतो. साडेतेरा हजार चौरस किलोमीटरच्या जिल्ह्याला यातून दुष्काळमुक्तीचे आश्वासन देणे अप्रामाणिक ठरेल.

भूगोलाच्या पाठ्यपुस्तकांत वादळांची जी आकृती असते, त्यात उष्ण आणि शीत आघाड्या असतात. थंड हवेची पाचर गरम हवेखाली घुसते, गरम हवा उचलली जाते, ढग आणि पाऊस येतो. ही कल्पना पहिल्या महायुद्धानंतर नॉर्वेतल्या बर्गेन येथे विल्हेल्म ब्यर्कनेस, त्यांचा मुलगा याकोब आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडली. युद्धातल्या आघाड्यांवरूनच तिला नाव मिळाले. युरोपच्या हवेचे ते उत्तम वर्णन आहे. पण १९ ते २१ अंश अक्षांशांत बसलेल्या यवतमाळवर अशी आघाडी येत नाही. पावसाळ्यात तर इथे शेजारशेजारच्या हवेच्या तापमानात पुरेसा फरकच नसतो. आपल्या मुलांना ती आकृती पाठ करायला लावताना उपसागरातले कमी दाबाचे क्षेत्र यवतमाळपर्यंत कसे येते, हे शिकवले जात नाही, याची मला खंत वाटते.

आघाडी नसली, तरी तिचे दोन दूरचे नातलग इथे जरूर येतात. हिवाळ्याच्या शेवटी आणि उन्हाळ्यात विदर्भावर कधी कधी उत्तरेचा कोरडा वारा आणि दक्षिणेकडून, उपसागरावरून आलेला दमट वारा समोरासमोर येतात. हवामान विभागाच्या पत्रकात याला वाऱ्यांची खंडितता म्हणतात, आणि ती रेघ बरेचदा विदर्भापासून दक्षिणेला कर्नाटक-तमिळनाडूपर्यंत ओढलेली असते. या रेघेवर दमट हवा उचलली जाते. त्याच वेळी उत्तरेकडून भूमध्य समुद्राच्या बाजूने आलेला पश्चिमी चक्रावात जात असेल आणि त्याने वरच्या थरांत थंड हवा आणली असेल, तर गारपिटीची सगळी सामग्री जमते. खाली गरम आणि ओले, वर थंड. अशा ढगात हवा इतक्या वेगाने वर जाते, की गोठलेले कण खाली पडू शकत नाहीत, न गोठलेले पाणी गोळा करत थरावर थर चढवत राहतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये गोठणपातळी पावसाळ्यापेक्षा खाली असल्याने गारेला वितळायला वेळही कमी मिळतो. २०१४ मध्ये फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत मराठवाडा आणि विदर्भात झालेल्या गारपिटीने काढणीला आलेला गहू आणि हरभरा जमीनदोस्त केला. तिला ‘अवकाळी’ म्हणून सोडून देण्यात अर्थ नाही. फेब्रुवारी ते एप्रिल हा विदर्भात गारांचा काळच आहे, आणि पीकविम्यापासून फळबागेच्या जाळीपर्यंत सगळे नियोजन तसे धरूनच व्हायला हवे.

दुसरा नातलग प्रत्येक वादळी ढगासोबत येतो. पावसाने थंड झालेली जड हवा ढगाखाली कोसळते, जमिनीवर आपटून चहूकडे पसरते आणि पावसाच्या पंधरा-वीस मिनिटे आधी गार वाऱ्याचा लोट घेऊन येते. मातीचा वास, अचानक उतरलेला पारा आणि उलटलेली वाऱ्याची दिशा ही तिची लक्षणे. वावरात असलेल्या माणसाला मिळणारा हा सर्वांत भरवशाचा इशारा आहे, कारण त्याच्यामागेच वीज असते.

विजेबद्दल थोडे सविस्तर लिहायलाच हवे. विदर्भात दरवर्षी माणसे आणि जनावरे तिला बळी पडतात, आणि त्यांतले बरेचसे मृत्यू टळण्यासारखे असतात. गर्जन्मेघात हिमकण आणि लहान गारा एकमेकांवर आदळून विद्युतभार वेगळे होतात. ढगाच्या वरच्या भागात धन आणि खालच्या भागात ऋण भार साठतो. मग जो झोत सुटतो, त्याच्या वाटेतली हवा क्षणभर सुमारे ३०,००० अंशांपर्यंत तापते. तिच्या स्फोटक प्रसरणाचा आवाज म्हणजे गडगडाट. वीज दिसल्यापासून आवाज येईपर्यंतचे सेकंद मोजून त्याला तीनने भागले, की अंतर किलोमीटरमध्ये मिळते. तीस सेकंदांच्या आत आवाज आला, तर ढग दहा किलोमीटरच्या आत आहे आणि काम थांबवायची वेळ झाली आहे. झाडाखाली उभे राहणाऱ्याला दुहेरी धोका असतो: झाडावरून वीज अंगावर उडी घेते, आणि जमिनीत पसरणारा प्रवाह दोन पायांमधून शिरतो. चार पायांमधले अंतर जास्त असल्याने एका झाडाखालची जनावरे एकदमच दगावतात. पक्के घर किंवा बंद काचांची मोटार, एसटी सुरक्षित आहे. वावरातली खोपडी सुरक्षित नाही. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेनेच विजा टिपणारे संवेदकांचे जाळे उभारले आणि ‘दामिनी’ हे मोबाइल ॲप दिले. ते आपल्या परिसरातल्या विजांचा इशारा देते. ते प्रत्येक गुराख्याच्या आणि निंदणाऱ्या बाईच्या हातात पोचलेले नाही, आणि डोंगरकुशीतल्या गावांत नेटवर्क नसते. म्हणून सेकंद मोजण्याची रीत प्रत्येक गावशाळेत शिकवली गेली पाहिजे.

आता उपसागराकडे. पावसाळ्यात त्याच्या उत्तर आणि पश्चिम भागात कमी दाबाची क्षेत्रे तयार होतात आणि ओडिशा-आंध्रच्या किनाऱ्यावरून पश्चिम-वायव्येकडे सरकतात. त्यांचे केंद्र बहुतेकदा छत्तीसगड आणि मध्य प्रदेशावरून जाते. नकाशात ते केंद्र यवतमाळपासून दोन-तीनशे किलोमीटर दूर दिसते आणि माणूस निश्चिंत होतो. पण भारतीय मान्सूनातल्या या प्रणालींचा सर्वांत जोरदार पाऊस केंद्राच्या नैऋत्येला पडतो, आणि विदर्भ नेमका तिथे येतो. टीव्हीवर ‘कमी दाबाचे क्षेत्र छत्तीसगडवर’ असे ऐकले, की यवतमाळकराने छत्री छत्तीसगडसाठी ठेवू नये.

एखादी प्रणाली थोडी दक्षिणेकडून आली, तर केंद्रच जिल्ह्याच्या जवळून जाते. २६ सप्टेंबर २०२१ रोजी ‘गुलाब’ चक्रीवादळ आंध्रच्या कलिंगपट्टणमजवळ किनाऱ्याला लागले. जमिनीवर आल्यावर त्याचा वारा ओसरला, पण ओलावा आणि फिरकी उरली. तेलंगणा, विदर्भ, मराठवाडा ओलांडून ते अरबी समुद्रात गेले आणि तिथे त्यातून ‘शाहीन’ नावाचे नवे वादळ उभे राहिले. या वाटेवर असताना, २८ सप्टेंबरच्या सकाळी, उमरखेड तालुक्यात दहागावच्या नाल्यावरून जाणारी नागपूर-नांदेड एसटी पुराच्या पाण्यात वाहून गेली आणि त्यात प्रवाशांचे जीव गेले. किनाऱ्यापासून सहाशे किलोमीटर आत, ज्या वादळाचे नाव अनेकांनी ओडिशा-आंध्रच्या बातम्यांत ऐकले होते, त्याने इथे माणसे नेली. १ सप्टेंबर २०२४ रोजी पुन्हा कलिंगपट्टणमजवळच एक तीव्र कमी दाबाचे क्षेत्र किनाऱ्यावर चढले. त्याने आधी विजयवाडा-खम्ममला आणि पाठोपाठ मराठवाड्यासह पैनगंगेच्या खोऱ्याला झोडपले. कलिंगपट्टणम ते उमरखेड ही वाट आता दक्षिण यवतमाळच्या प्रत्येक तहसील कार्यालयात भिंतीवर लावलेली असायला हवी. वादळ किनाऱ्याला लागल्यापासून इथे पूर येईपर्यंत एक-दोन दिवस मिळतात, आणि ते पुरेसे असतात.

याच गणिताची दुसरी बाजू म्हणजे खंड. राजस्थानपासून उपसागरापर्यंत पसरलेला मान्सूनचा आस, म्हणजे कमी दाबाचा लांब पट्टा, आपल्या जागी किंवा थोडा दक्षिणेला असला, की मध्य भारतात पाऊस चालू राहतो. तो उत्तरेला हिमालयाच्या पायथ्याशी सरकला, की बिहार-आसामात पूर येतात आणि यवतमाळचे आभाळ कोरडे पडते. उपसागरात नवे कमी दाबाचे क्षेत्र तयार होऊन आसाला पुन्हा खाली खेचेपर्यंत हा खंड टिकतो. सोयाबीन फुलावर आणि शेंगा भरण्यावर असताना, ऑगस्टमध्ये, तीन आठवड्यांचा खंड पडला, तर सप्टेंबरमधल्या कितीही पावसाने ते नुकसान भरून येत नाही. सरासरी मात्र भरून येते.

खंडातल्या आणि उघडिपीतल्या हवेचा आणखी एक बळी असतो, ज्याचा हवामानाशी संबंध फार थोड्यांनी जोडला. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी आणि मजूर दगावले, शेकडो रुग्णालयात गेले. विषाची मिश्रणे, संरक्षक साधनांचा अभाव, डोक्यापर्यंत वाढलेली पऱ्हाटी अशी अनेक कारणे त्यामागे होती. त्यांत हवाही होती. पाऊस थांबल्यावरच्या उन्हात दमटपणा इतका असतो, की घाम वाळत नाही, कपडे ओले राहतात, वारा पडलेला असतो, आणि फवारा माणसाभोवतीच रेंगाळून ओल्या कातडीतून आत जातो. तापमान आणि आर्द्रता पाहून फवारणीची वेळ सांगणारा सल्ला पावसाच्या अंदाजाइतकाच जीव वाचवणारा आहे.

काही वर्षी खंड सगळा हंगामच खातो. १८९९ च्या महादुष्काळाने वऱ्हाड होरपळला, तेव्हा आजचा यवतमाळ जिल्हा वणी जिल्हा म्हणून ओळखला जात होता. त्या दुष्काळाची आठवण ताजी असताना, १९०४ मध्ये, गिल्बर्ट वॉकर भारताच्या हवामान खात्याचे प्रमुख झाले. मान्सून आधी ओळखता यावा म्हणून जगभरच्या दाबाचे आकडे पडताळताना त्यांना प्रशांत महासागराच्या दोन टोकांवरचा दाब आलटून-पालटून वरखाली होताना दिसला. पुढे त्याचा प्रशांतातल्या पाण्याच्या तापण्याशी, म्हणजे एल निन्योशी, संबंध जुळला. १९७२ हे तीव्र एल निन्योचे वर्ष होते. महाराष्ट्रावर तो दुष्काळ कोसळला तेव्हा राज्याच्या मुख्यमंत्रिपदी याच जिल्ह्यातले, पुसदजवळच्या गहुलीचे वसंतराव नाईक होते. पण एल निन्यो म्हणजे दुष्काळ असे समीकरण मांडता येत नाही: १९९७ चा एल निन्यो अतितीव्र होता आणि देशाचा पाऊस सरासरीइतका झाला, कारण हिंद महासागराची स्थिती अनुकूल होती. मे महिन्यात ‘यंदा एल निन्यो’ अशा ठळक मथळ्याने घाबरून बियाण्याचा बेत बदलणे म्हणूनच घाईचे ठरते.

गावाकडे अंदाजाची जुनी चौकट नक्षत्रांची आहे, आणि तिच्याबद्दल मला आदर आहे. ती सूर्याच्या गतीवर बांधलेली आहे, म्हणून ऋतूंशी जुळते: साधारण साडेतेरा दिवसांचे एक नक्षत्र, ७-८ जूनला मृग. पृथ्वीचा अक्ष हळूहळू डोलत असल्याने सुमारे ७२ वर्षांत ही तारीख एक दिवस पुढे जाते. म्हणजे सातशे वर्षांपूर्वीचे मृग आजच्यापेक्षा नऊ-दहा दिवस आधी लागत होते. मान्सून विदर्भात साधारण जूनच्या मध्याला स्थिरावतो. मृगाच्या पहिल्या सरी बहुतेकदा स्थानिक गर्जन्मेघांच्या असतात, एका शिवारात पडतात आणि शेजारचे कोरडे ठेवतात. त्यांवर पेरणी केली आणि पुढे पंधरा दिवस पाऊस आला नाही, की दुबार पेरणी ठरलेली. कृषी विभाग ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका म्हणतो, ते याचसाठी. काळ्या जमिनीत एवढी ओल खोलवर गेली, तरच अंकुर एक खंड सोसू शकतो.

हवा तापत चालल्याने हे चित्र अधिक टोकाचे होत आहे. तापमान एका अंशाने वाढले, की हवा सुमारे ७ टक्के जास्त वाफ धरू शकते. पुण्याच्या संस्थेतले बी. एन. गोस्वामी आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये दाखवले, की मध्य भारतात अतिवृष्टीच्या घटना वाढत आहेत, मध्यम पाऊस घटत आहे आणि हंगामाची बेरीज मात्र फारशी बदललेली नाही. २०१७ मध्ये रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी १९५० नंतरच्या काळात मध्य भारतात दूरवर पसरलेल्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्याचे मांडले. यवतमाळ या मध्य भारताच्या पट्ट्यात येते. सरासरी स्थिर राहून आतला पाऊस बदलतो आहे, हे या संशोधकांच्या आधीच शेतकऱ्यांच्या तोंडून ऐकू येत होते.

मग अंदाज कुठवर आला आहे? मे २०२५ मध्ये पुण्याच्या संस्थेने तयार केलेली ‘भारत फोरकास्ट सिस्टिम’ सुरू झाली, आणि तिचे चौकोन ६ किलोमीटरचे आहेत. आधी ते १२ किलोमीटरचे होते. हा मोठा टप्पा आहे. पण एक गर्जन्मेघ पाच-दहा किलोमीटरचाच असतो. म्हणून जिल्ह्यासाठी नारिंगी इशारा आला आणि आपल्या गावात थेंबही पडला नाही, तर इशारा खोटा होता असे होत नाही. तो पूर्ण जिल्ह्यासाठी होता, आणि त्या दिवशी पाऊस कदाचित झरी-जामणीत पडला असेल. तीन तास आधीचा गावनिहाय इशारा मिळायचा तर रडार लागते. नागपूरचे डॉप्लर रडार यवतमाळपासून सरळ रेषेत सुमारे १३० किलोमीटरवर, पुसद-उमरखेडपासून दोनशेपेक्षा जास्त किलोमीटरवर आहे. अर्ध्या अंशाने वर धरलेला त्याचा झोत पृथ्वीच्या वक्रतेमुळे यवतमाळवर सुमारे दोन किलोमीटर उंचीवरून जातो, पण उमरखेडवर जवळजवळ पाच किलोमीटरवरून. ढगाचा खालचा, पावसाने भरलेला भाग त्याला दिसतच नाही. आनंदनगर तांडा आणि दहागाव दोन्ही याच अंधाऱ्या कोपऱ्यात आहेत. पैनगंगेच्या खोऱ्यासाठी शंभर किलोमीटरच्या आत एक लहान रडार ही मागणी लोकप्रतिनिधींनी रेटण्यासारखी आहे.

मोजणीचा प्रश्न तर त्याहून सोपा आहे. पाऊस सकाळी साडेआठ ते पुढच्या सकाळी साडेआठ असा मोजला जातो, आणि मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटर झाला की मदतीसाठी ती अतिवृष्टी धरतात. चोवीस तासांत सावकाश पडलेले ६५ मिलिमीटर काळ्या जमिनीत बऱ्यापैकी मुरतात. तेच एका तासात पडले, तर धुरे फुटतात आणि नाल्याकाठचे वावर खरडून जाते. अर्ध्या तासात ४५ मिलिमीटर पडून सुपीक थर गेला, तर नियमाच्या दृष्टीने अतिवृष्टी झालेलीच नसते. राज्याने २०२३ मध्ये सततच्या पावसालाही नैसर्गिक आपत्ती मानले, हे योग्य झाले. तीव्रतेला मात्र अजून तशी जागा मिळालेली नाही. ‘महावेध’ प्रकल्पात राज्यभर महसूल मंडळांत दोन हजारांहून अधिक स्वयंचलित हवामान केंद्रे उभी आहेत, आणि अशी केंद्रे दिवसाची बेरीज करण्याआधी थोड्या थोड्या वेळाचा पाऊस टिपतात. तासाचा सर्वाधिक पाऊस किती, हा एक रकाना पंचनाम्यात वाढवला, तर खरडलेल्या वावराचा पुरावा आभाळातूनच मिळेल.